आबांचं बटण

आमच्या माहेरच्या घरात दोन रिमोट आहेत. टीव्हीच्या रिमोटवरून रोज भांडणं होतात. दुसरा रिमोट आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांच्या डोक्यात बसवलेल्या तारांमधला करंट त्यावरून कमी-जास्त होतो. त्या रिमोटवरून सुरुवातीला कुणीच भांडलं नाही. भांडायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा आम्ही सगळे खुशीत होतो.

मी लोणावळ्यात राहते. एका हॉटेलात हाउसकीपिंग बघते, म्हणजे चादरी, टॉवेल आणि शनिवार-रविवारी आलेल्या लोकांनी खोल्यांचे केलेले उकिरडे. माहेर आंदर मावळात. डोंगराच्या कुशीत असं हॉटेलातल्या पाहुण्यांना सांगायचं, पण खरं सांगायचं तर एसटी चुकली की दिवस गेला अशा जागी. तिथं आई, आबा आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे, म्हणजे चालूच आहे.

आबांना कंपवात झाला तेव्हा आम्ही आधी त्याला म्हातारपण समजलो. उजवा हात थरथरायचा, मग डावाही थरथरायला लागला. पुढं पुढं पाय जमिनीला चिकटायला लागले. उंबऱ्याशी येऊन उभे राहायचे आणि पाऊल पुढं पडायचंच नाही. चहाची बशी ओठापर्यंत जाईस्तोवर रिकामी व्हायची. आई भरवायला बसली की तोंड फिरवायचे. गोळ्यांवर काही वर्षं निघाली, मग गोळ्याही पुरेनात. माझा बाप कुणापुढं कधी रडला नव्हता. सदऱ्याची गुंडी लावता येईना म्हणून रडताना मी त्याला पाहिला, आणि त्या दिवशी मला देवाचा खरोखर राग आला.

गावात आबांना मान होता तो सावडीमुळं. सावड ही आमच्याकडची भातलावणीची रीत. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं, परवा तिसऱ्याचं. मजुरी नाही. तू माझ्याकडं एक दिवस राबलास की मी तुझ्याकडं एक दिवस राबणार, एवढाच करार, तोही तोंडी. त्यात तरण्या गड्याचा दिवस आणि म्हातारीचा दिवस सारखाच धरायचा. कुणी कुरकुरलं की आबा म्हणायचे, "दिस म्हंजे दिस. त्यो काय तराजूत घालायचा आसतो व्हय?"

लावणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळे एका ओळीत चिखलात वाकतात आणि रोपं रोवत मागं मागं सरकतात. प्रत्येकाचा आपापला पट्टा असतो. एखाद्याचा हात मंद असला तर त्याच्या दोन्ही बाजूंना रोपं लागून जातात आणि तो मध्येच कोंडला जातो. बाकीचे हसतात, तो शिव्या देतो, अशी ती गंमत असते. आमच्या शेजारी एक मावशी राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पाठ वाकलेली. तिच्याच्यानं ओळीबरोबर राहणं शक्य नव्हतं, तरी मी तिला कधी कोंडलेली पाहिली नव्हती. आबा मुद्दाम तिच्या शेजारचा पट्टा धरायचे आणि आपला लावता लावता तिचाही अर्धा लावून टाकायचे. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, तेही आईनं सांगितलं म्हणून. मावशी कधी त्याबद्दल बोलली नाही आणि आबाही बोलले नाहीत.

ऑपरेशन पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात झालं. भावाच्या कंपनीच्या विम्यातून झालं, हे तो अजून अधूनमधून सांगतो. डोक्याला दोन भोकं, आत बारीक तारा, त्या कातडीखालून गळ्यातून खाली आणलेल्या, आणि छातीत काडेपेटीएवढी बॅटरी. तारा घालताना त्यांना जागं ठेवलं होतं आणि डॉक्टर त्यांच्याशी गप्पा मारत होते. काय बोललात असं मी विचारलं तर म्हणाले, "भाताच्या जाती इचारीत व्हते. इंद्रायनी सांगितली, आंबेमोहोर सांगितला. मग म्हनले, गप ऱ्हावा आता."

काही दिवसांनी करंट सुरू केला. डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या यंत्रावर काहीतरी फिरवलं, आणि आबांचा हात थांबला. गोठ्यातला पंखा बंद केल्यावर हळूहळू थांबतो तसा थांबला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, मग कँटीनमधून आणलेला चहा बशीत ओतला आणि पिऊन टाकला. आई पदरात तोंड घालून रडली. मी रडले. भावाला फोन आला म्हणून तो बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. तो आनंद खोटा नव्हता. पुढं जे झालं ते कितीही लिहिलं तरी त्या बशीला मी नावं ठेवणार नाही.

डॉक्टरबाई भल्या होत्या. आमच्याकडं गाड्यांचे वांधे, दर वेळी पुण्याला यायला नको, म्हणून त्यांनी रिमोटवर बरीच मोकळीक ठेवली. पाय जड वाटले तर जरा वाढवा, जीभ अडखळली तर जरा कमी करा. जड कामं मात्र नकोत, असंही बजावलं. रिमोट त्यांनी आबांच्या हातात दिला. त्यावरची अक्षरं इंग्रजी, म्हणून आबांनी तो भावाच्या हातात दिला, आणि कामशेत यायच्या आत तो भावाच्या शर्टाच्या खिशात जाऊन बसला.

थोडं वाढवलं की आबा नीट चालायचे. आणखी वाढवलं की भराभर चालायचे. मोकळीक होती तिथवर, अगदी वर नेलं, की आबा असे व्हायचे जसे मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, आजाराच्या आधीही नाही. झुंजुमुंजू व्हायच्या आत गोठा झाडून मोकळे. मग लाकडं फोडणं, कुंपण बांधणं, शेजाऱ्याचं कुंपण बांधणं. थकवा म्हणून नाही. तोंड सतत चालू, आवाज चढलेला. विनोद करायचे, आणि विनोद चांगले असायचे, हे मान्य करायला हवं. भाऊ खूश होऊन म्हणाला, "आक्का, ह्ये निस्तं बरं व्हनं न्हाई. ह्ये अपग्रेड हाय." त्यांच्या कारखान्यात जुनं मशीन काढून नवं बसवलं की असंच म्हणतात.

मलाही आवडलं. खोटं कशाला बोलू? थरथरणाऱ्या बापापेक्षा कुंपण बांधणारा बाप कुणालाही आवडेल. फक्त आई गप्प होती. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "रातीचं निजत न्हाईत. मी काय बोलाया गेले की माज्या आदी तेंचंच सुरू. जलमभर ह्या मानसाचं गप ऱ्हानं सोसलं, आता बोलनं सोसवंना." मी हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं.

त्याच सुमारास हॉटेलात एका कंपनीची माणसं ट्रेनिंगला आली होती. आमच्याकडं अशी मंडळी बारा महिने येतात. सकाळी व्याख्यानं ऐकतात, दुपारी पॉइंटवर जाऊन फोटो काढतात आणि चिक्कीचे डबे घेऊन घरी जातात. ह्या खेपेला हॉलमध्ये प्रत्येकाच्या कपाळाला एक पट्टी बांधली होती. लक्ष किती लागलंय ते त्यातून समजतं म्हणे, आणि दुसऱ्या जातीच्या पट्टीतून बारीक करंट दिला की लक्ष जास्त वेळ टिकतं. व्याख्यान देणारे गृहस्थ म्हणत होते की माणूस हे अजून पूर्ण न झालेलं प्रॉडक्ट आहे. मी चहा लावून घेत होते. आबांमुळं माझे कान टवकारले. चहाच्या सुट्टीत मी त्यांना गाठून विचारलं, "साहेब, हे कमी-जास्त कोण करतं?"

"ज्याचं त्यानं," ते म्हणाले. "मोबाइलवरून."

"आणि शेजारच्यानं जास्त केलं तर?"

ते हसले. "मग तुम्हालाही करावंसं वाटेल. त्यात वाईट काय?" असं म्हणून त्यांनी बिस्किट उचललं. मला ते आवडलं नाही. का ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं, म्हणून मी कपबश्या गोळा केल्या.

लावणीला मी दर वर्षी रजा काढून जाते. त्या वर्षी गेले तर आबा गुडघाभर चिखलात. जड काम नको असं सांगितलं होतं ना, असं मी भावाला म्हणाले, तर तो म्हणाला, "तेच ऐकत न्हाईत. आन बघ की कसं चाललंय." खरोखर बघत राहावं असं चाललं होतं. पहिलाच दिवस, आमचंच खाचर. आबांनी मावशीशेजारचा पट्टा धरला. आम्ही मनात म्हटलं, चला, आबा आपल्या जागी आले.

मग त्यांचा हात सुरू झाला. रोपांची जुडी सुटायच्या आत दुसरी जुडी. ओळीतले तरणे गडी धापा टाकायला लागले, कुणाला कुणाशी बोलायला फुरसत होईना. मावशीच्या एका बाजूनं आबा पार बांधापर्यंत मागं गेले, दुसऱ्या बाजूनं दुसरे गेले, आणि ती मध्ये एकटी उभी राहिली. तिनं वर पाहिलं. ती हसली, कारण तिला वाटलं आबा आता परत येऊन तिचा पट्टा लावतील. आबा बांधावरून मोठ्यानं म्हणाले, "मावशे, देवळात हुबी ऱ्हायल्यागत काय करतीस? आसं आसंल तर तुजा दिस आर्धा धराया लागंल."

ओळीतले हात थांबले. मावशीनं हातातली रोपं जपून पाण्यात ठेवली, लावलेल्या रोपांना धक्का लागू न देता वाट काढत ती बाहेर आली, ओढ्यावर पाय धुतले आणि घरी गेली. आबांनी पुढची जुडी सोडली.

संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "आबा, तुमी मावशीला काय बोललात?" ते म्हणाले, "खरं त्येच बोललो. किती दिस तिला वडायचं?" त्यांच्या तोंडावर राग नव्हता, पस्तावा नव्हता, काहीच नव्हतं. मला माझ्या बापाची त्या वेळी भीती वाटली. असं वाक्य कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मावशी पुन्हा सावडीत आली नाही. तिचं खाचर लावायलाही कुणी गेलं नाही, कारण तिचा दिवसच सावडीत उरला नव्हता. आई आणि मी जाऊन जमेल तेवढं लावलं. मावशी आमच्याबरोबर वाकून लावत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पोरी. तुजा बा न्हाई बोलला त्ये. पन तोंड त्येचंच व्हतं. मी कुनावर रुसू?"

आता पुढचा भाग असा आहे की तो लोणावळ्यात सांगितला तर लोक हसतात. भावाला बॅटरीची काळजी. करंट जास्त ठेवला की बॅटरी लवकर संपते, आणि संपली की पुन्हा छाती कापून नवी घालायची. म्हणून हा शहाणा काय करायचा, तर आमच्या खाचरात बटण वर ठेवायचा आणि दुसऱ्यांकडं जायच्या दिवशी खाली आणायचा. लोकांचं लक्ष असतंच. चार दिवसांत कळलं. मारुतीच्या देवळापुढं बसून त्यांनी भावाला विचारलं, "तुमच्या रानात बटान वर आन आमच्या रानात खाली, ही कसली सावड? दिसाला दिस पायजे."

कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला ठासून सांगायचंय. ती माणसं आमच्या अडीनडीला उभी राहिलेली. ऑपरेशनच्या दिवशी पुण्यापर्यंत आली होती. त्यांच्या परीनं ती न्यायाचंच बोलत होती. सावडीत लबाडी चालत नाही, आणि भावानं लबाडी केली होती. भावाची मान खाली गेली. त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं की बटण सगळ्यांच्या रानात सारखंच राहील, अगदी वर. पाचामुखी परमेश्वर. सगळ्यांचं समाधान झालं.

आबा तिथंच पारावर बसले होते. मी म्हणाले, "पण आबांना कुणी विचारलं का?" सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "मला काय इचारायचं? मी तयार हाय." झालं. विचारून झालं. त्या वेळीही बटण वरच होतं, पण हे बोलून दाखवणारी मी एकटी, आणि माहेरवाशिणीनं गावाच्या कामात किती बोलायचं यालाही एक माप असतं.

देवळातून परतताना आमच्या भावकीतला एक जण माझ्याबरोबर चालत आला. दोन लेकरांचा बाप, कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा शेत बघणारा. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाला, "आक्का, धडधाकट मानसाच्या डोस्क्यात बशीवत्यात का ह्ये?" मला वाटलं थट्टा करतोय. त्याच्या तोंडाकडं पाहिलं तर डोळे तांबारलेले, आणि थट्टेचा मागमूस नाही. मी म्हणाले, "नाही बसवत." तो म्हणाला, "आजून न्हाई, आसं म्हन."

त्यानंतर आबा रोज कुणाच्या ना कुणाच्या खाचरात. टाचांना भेगा पडून रक्त यायचं, त्यांना पत्ता नसायचा. जेवायला वेळ नाही, विजार कमरेवर टिकेना म्हणून सुतळीनं बांधलेली. छातीतली बॅटरी आधी दिसत नव्हती, ती आता सदऱ्यातून उठून दिसायला लागली. मी हात जोडून म्हणाले, "आबा, जरा कमी करू द्या." ते म्हणाले, "तुला आजारी बाप पायजे व्हय? सेवा कराया?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी माझी गत झाली.

तेव्हा कुठं आमच्या घरात पहिल्यांदा त्या रिमोटवरून भांडण झालं. भाऊ म्हणायचा, "मी तेंच्या मनाइरुद्ध काय करतोय? रोज इचारतो. रोज व्हय म्हनत्यात." मी म्हणायची, "बटण वर असताना विचारतोस. आधी खाली आण आणि मग विचार." तो म्हणायचा, "खाली आनलं की त्यो आजार बोलनार. आजाराला इचारू का आबांना इचारू?" भाऊ मूर्ख नाही, त्याचं म्हणणंही खरं वाटायचं. शेवटी आई चुलीपुढून म्हणाली, "ज्याच्यासंगं माजं लगीन लागलं त्याला इचारा. मला तेवढाच वळखू येतो." मग भाऊ पुण्याला यायला तयार झाला.

डॉक्टरबाईंनी आधी टाचा पाहिल्या, मग रिमोट पाहिला, आणि भावाला असं झापलं की मला जरा बरंच वाटलं. मग समजावून सांगितलं. हात थांबवणारी जागा आणि मन उचलणारी जागा डोक्यात अगदी लगत आहेत. करंट जास्त झाला की एकीतला दुसरीत झिरपतो. मला ते लगेच समजलं, बांध फुटून शेजारच्या खाचरात पाणी जातं ते आम्ही जन्मभर पाहिलंय. त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. इतकी मोकळीक द्यायला नको होती." मग त्यांनी करंट अगदी खाली आणला आणि आम्हाला थांबायला सांगितलं.

हात आधी थरथरायला लागला. मग चेहरा हळूहळू थिजत गेला, खांदे आत आले. आमच्या डोळ्यांदेखत तो सगळा जुना आजार परत येऊन त्यांच्या अंगात बसला. भाऊ खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई खुर्ची ओढून आबांच्या समोर बसल्या. "आबा, किती ठेवू? तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगा. घाई नाही."

आबांचे ओठ हलले. शब्द एकेक करून आले. "च्या... माज्या हातानं... प्याया यावा. गुंडी लावता यावी. तेवढं बास." मग ते माझ्याकडं वळले. वळायलाही त्यांना वेळ लागला. "मावशीला... बोललं ना... त्ये मी आईकत व्हतो. आत बसून. तोंड... थांबंना."

मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. इतके दिवस मी समजत होते की बटण वर गेलं की आमचे आबा कुठंतरी निजतात आणि खाली आलं की जागे होतात. ते जागेच होते. सगळं ऐकत होते.

डॉक्टरबाईंनी करंट मध्यावर आणून ठेवला. वरची मोकळीक बंद करू का असं त्यांनी आबांनाच विचारलं, तर आबा म्हणाले, नको, थंडीत पाय लय धरत्यात, ऱ्हाऊ द्या थोडी. डॉक्टरबाईंनी थोडी ठेवली, पण तेवढ्यानंही पुन्हा तसं होऊ शकतं असं बजावलं. मग भावाच्या हातातून रिमोट घेऊन आबांच्या हातात दिला. "डोकं त्यांचं, निर्णय त्यांचा. ह्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." भावानं मान डोलावली. येताना गाडीत वडगाव मागं पडल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, तेंला बरं वाटतंय." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाप त्याचाही होता.

नंतरचे दिवस बरे गेले. हात थोडा हलायचा, पण चहा सांडत नव्हता. रात्री झोपायचे. आईशी फारसं बोलायचे नाहीत, आणि आई खुशीत होती. एका सकाळी आबा आपले आपण मावशीच्या घरी गेले आणि ओट्यावर बसले. तिनं कोरा चहा दिला, त्यांनी प्याला. दोघं काय बोलले असं मी विचारलं तर आबा म्हणाले, "काय बोलायचं?" मला वाटलं, सुटलो.

सावडीतली शेवटची दोनतीन खाचरं लावायची राहिली होती. त्या लोकांनी आपल्याकडं दिवस भरलेत, मला जायलाच पाहिजे, असं म्हणून आबा निघाले. आम्ही अडवलं, पण ऐकेनात. ते मुद्दाम कडेचा पट्टा धरून वाकले. मी बांधावर रोपं वाटायला होते. तरुणपणी जसा होता तसाही हात आता राहिला नव्हता, पण लावत होते. ओळ मागं सरकत गेली. आबांच्या शेजारचा भराभर मागं सरकून गेला, आणि थोड्या वेळानं आबा एकीकडं बांध आणि दुसरीकडं लागलेली रोपं, असे कोंडले गेले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ज्याचं खाचर होतं तो माणूस चिखलातून चालत आला. आबांहून लहान, आबांना मानणारा. खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, तुमी घरी बसा. आजचा दिस आमी आर्धा धरतो. ऱ्हायलेला पुडं कवातरी बटान वाढवून फेडा, आमची काय घाई न्हाई." त्यानं आबांचा हात धरून त्यांना बांधावर आणलं, अगदी जपून. मग परत जाऊन आबांचा पट्टा त्यानं स्वतः लावला. मी आबांकडं बघायचं टाळत होते. ते बांधावर बसून ओळीकडं बघत होते.

त्या संध्याकाळी मी लोणावळ्याला जायला पिशवी भरत होते. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी हाक मारली, "बाय, हिकडं ये. तुला विंग्रजी येतं." मी गेले तर त्यांच्या तळहातावर रिमोट. "वर जायाचं बटान कुटलं?"

मी म्हणाले, "आबा, तुमीच दवाखान्यात सांगितलं ना, चहा पिता आला की बास?"

"व्हय. मीच सांगितलं. आन आत्ता बी मीच इचारतोय. बग, हात हलतोय. डोस्कं जाग्यावर हाय."

"मग कशाला? आत बसून ऐकावं लागतं म्हणालात. पुन्हा कुणाला काही बोलाल."

"बोलंन," ते म्हणाले. "ठावं हाय मला." त्यांनी रिमोट माझ्यापुढं धरला. "घरात बसाया माजी ना न्हाई. पन गावानं आर्धा धरल्याला मानूस म्हनून न्हाई बसायचं."

शांत आबांना विचारा, असं म्हणत मी भावाशी भांडले होते, रजा काढून त्यांना पुण्याला नेलं होतं. तेच शांत आबा माझ्यापुढं बसून मागत होते. मला वाटलं रिमोट हिसकावून घ्यावा आणि ओढ्यात फेकून द्यावा. पण मग माझ्यात आणि खिशात रिमोट ठेवणाऱ्या भावात फरक काय राहिला असता? मला इतकी चीड आली होती, आणि ती कुणावर काढायची ते कळत नव्हतं.

मी बटण दाखवलं. दाबलं त्यांनीच, अंगठ्यानं. दर दाबण्याला एक बारीक आवाज येत होता. भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "आबा, बास." ऑपरेशन झाल्यापासून हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आबांनी आवाज यायचा थांबेपर्यंत अंगठा काढला नाही. मग रिमोट सदऱ्याच्या खिशात ठेवून त्यांनी वरची गुंडी लावली.

थोड्या वेळात हात थांबला. पाठ सरळ झाली. त्या चढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "उंद्या कुनाचं रान हाय?"

कुणाचं ते आईनं आतून सांगितलं. ती बाहेर आली नाही.